पाचवी रकात

पायाकुम्बुहच्या मुलींच्या मदरशात
मी दहावीला एकाग्रता शिकवते.
वेळापत्रकात तसंच लिहिलंय: मंगळवार, जोहरच्या आधी.

सत्तावीस मोबाइल बिस्किटांच्या डब्यात बंद.
डबा मधूनच गुरगुरतो
आणि सत्तावीस माना वळतात.

वजूच्या नळाशी मी सांगते,
हात धुताना हातच धुवा.
कोपरावरून पाणी ओघळतं, ते बघा.
उद्याचा गणिताचा पेपर नळाखाली धरू नका.
मुली हसतात. हसताना तरी इथेच असतात.

हेल्मालिया मात्र खिडकीत.
सागो डोंगराच्या खांद्यावर ढग बसला
की तो उठेपर्यंत ती परत येत नाही.
बाप मलाक्काच्या पाण्यात, मालवाहू बोटीवर,
तीन आठवडे फोन नाही. एवढंच मला ठाऊक.
शिक्षण खात्याच्या तक्त्यात
'लक्ष' नावाचा रकाना आहे.
काल रात्री तिला पाचपैकी दोन दिले.
आधी तीन लिहिले होते. खोडले.

आज जोहरला मीच इमाम, पहिल्या रांगेच्या मधोमध.
पांढऱ्या मुकेनांची सळसळ थांबली.
पहिल्या रकातीत मी होते.
दुसरीत, बहुधा.
मग तो रकाना आला, खोडलेला आकडा आला,
शाई कागदाच्या मागे उमटली असेल का,
मुख्याध्यापिका बोट ठेवतील का त्यावर,
आणि मी उठले
पाचव्या रकातीला.

मागून टाळी.
एकच. उजव्या तळव्याची, डाव्या हाताच्या पाठीवर,
बाईनं इमामाची चूक सांगावी तशी.

मी बसले. शेवटी विसरल्याचे दोन सजदे केले.
कपाळ चटईला टेकलं तेव्हा वाटलं,
ज्यानं नमाज सांगितली
त्यानं आमचं विसरणं आधीच हिशेबात धरलं होतं.
दंड नाही लावला,
जमिनीशी आणखी दोन भेटी लावून दिल्या.

सलाम फिरवून मागे पाहिलं.
हेल्मालियाचा हात अजून हातावरच,
चेहरा लाल, जणू तिचंच चुकलं.
"उस्ताजा, बाबांसाठी दुआ मागायची होती.
संपते कधी, ते मोजत होते."

याला लक्ष म्हणायचं की नाही,
तक्त्याच्या सूचनांत सापडलं नाही.

तेवढ्यात डबा गुरगुरला.
नियम साडेतीनचा आहे. मी झाकण उघडलं.
वाजणारा फोन तिचा नव्हता.
तरी तिनं आपला मुका फोन उचलला
आणि दोन्ही हातांत धरून बसली,
थोडा वेळ,
पाणी धरावं तसा.