शेरा

निरीक्षण बोअर क्रमांक सात, न्हावी शिवार.
वीज रात्री दोनला येणार, तोवर मोटारी गप्प.
टॉर्च दातांत धरून पट्टी सोडतो.
आठवडाभर पाणी दिवसातून दोनदा
बोटभर चढतं, उतरतं,
कुणी उपसत नसताना.
साहेब म्हणाले, वारके, पट्टी बदला.

तिकडे हेमांगी, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर.
फोनात आधी वारा, मग ती:
"मामा, इथली भरती दिसत नाही, ऐकू येते.
अटलांटिकातून शिरते अन् बर्फाखाली
घाण्याच्या बैलागत फिरते,
मधलं उखळ जागचं हलत नाही.
काठाला चिकटलेला बर्फ तेवढा
सहा-सहा तासांनी कुरकुरतो,
आपल्या गोठ्याचं दार."

मी बोटभर पाण्याचं सांगितलं.
हसली नाही.
"जमीनही उचलली जाते, मामा. वीतभर.
केळीच्या बागा, तुमची लुना, तुम्ही,
सगळं एकदम. म्हणून कळत नाही."

दोनला मोटारी सुरू झाल्या, अख्खं शिवार घुमलं.
'उपसा' लिहिलं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
साहेबांनी खोडलं तर खोडोत,
'चंद्र'.

पट्टी जुनीच आहे.