सतरा नंबर

चौथ्या दिवशी शेळ्या विहिरीवर येतात.
बें बें नाही, धावपळ नाही,
नुसता खुरांचा कोरडा आवाज,
तव्यावर दाणे हलवावेत तसा.
जाल्देसा पाळी लावतो. बोराना लोक त्याला म्हणतात
पाळीचा बाप. त्याची काठी आडवी झाली
की सरकारी गाडीसुद्धा थांबते.

मी याबेलोहून आलेय, बर्फाची पेटी घेऊन.
मानेची शीर, सुई,
पाण्याआधी एक नळी,
पाण्यानंतर पाच मिनिटांनी दुसरी.
आणि सगळं झटपट,
कारण माझ्या हाताची भीतीही रक्तात उतरते,
मग मोजली जाते ती मीच.

खाली विहिरीत नऊ जण एकावर एक उभे,
कातडी बादल्या हातोहात वर येतात
गाण्याच्या ठेक्यावर.
मी गाणं ऐकत नाही. घड्याळ बघते.

रात्री तंबूत, जनरेटरच्या घरघरीत,
आकडे आले. कॉर्टिसॉल
चढलेलं, आणि मग एकदम खाली.
पाच मिनिटांत!
पाणी अजून पोटातच डुचमळत असणार,
रक्ताला जेमतेम थेंब पोचला असेल.
पण घशानं निरोप धाडलाय: आलं, आलं.
आणि शरीर नुसत्या निरोपावर
अंग सैल सोडतं.

मला हेवा वाटला शेळ्यांचा.

फक्त सतरा नंबर.
तिचा दुसरा आकडा पहिल्याहून चढा.
नळ्यांची अदलाबदल झाली असेल
म्हणून पुन्हा तपासलं. तोच.

सकाळी लोकोला विचारलं.
ती चहा ओतत होती, धुरकट वासाच्या दुधाचा.
"सतरा कोण? ती बूरे," ती म्हणाली.
"म्हातारी झालीय. हौदाशी गेली,
बाकीच्यांची शिंगं लागली, मागे सरली.
तुझी सुई आली तेव्हा
तिनं पाणी नुसतं पाहिलं होतं."

माझ्या वहीत 'प्यायली' असा रकाना होता.
'पाहिलं' असा नव्हता.
मी पट्टी न घेताच एक रेघ ओढली, वाकडी.

मग लक्षात आलं, कप एकच भरलाय,
माझ्या हातात तोच आहे,
आणि किटली पालथी.
लोकोचे ओठ पांढरे, फुटलेले.
मी कप तिच्याकडे सरकवला.

तिनं दोन बोटांनी तो परत सरकवला.
"पी," म्हणाली. "पाळी तुझी आहे."