सुमारे

कोर्ट नाक्यावर माझं टेबल आहे,
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
एकतीस वर्षं मी लोकांच्या वतीने लिहितो:
मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की...
माझं स्वतःचं त्यात काही नसतं,
एक शब्द सोडून. सुमारे.
सुमारे सहा वाजता. सुमारे तीन इसम.
वकिलांना आवडतो.
उलटतपासणीत अंग चोरायला जागा राहते.

इंदुमती सोनकांबळे आली तेव्हा
माझा चहा अर्धा झाला होता.
राहणार किसननगर. मुलगा प्रज्ञेश, वय बावीस.
शेजारच्या भजीच्या गाडीवरचा स्टोव्ह उचलायला माणसं आली,
त्याने दोनच शब्द उच्चारले:
आदेश दाखवा.

"मग त्यालाच उचलला."
कुठे नेला?
"ठाण्यात."
हे तिच्या सासूला दोन दिवस कळलंच नव्हतं.
म्हातारी म्हणत राहिली,
अगं, आपण ठाण्यातच तर आहोत.

मी हसलो. मग ते हसू कुठे ठेवावं समजेना.
हे तळ्यांचं शहर आणि ती गजांची खोली
एकाच नावाची.
मधला उंबरा नेमका कुठे,
जन्म गेला इथे, कधी विचारलं नाही.

तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं
एक लहान पुस्तक काढलं.
लग्नात आहेर आलेलं, म्हणाली.
अनुच्छेद बावीस. खाली पेन्सिलीची रेघ.
चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे,
प्रवासाचा वेळ सोडून.
"प्रवास किती धरायचा, भाऊ?"

किसननगर ते कोर्ट नाका.
रिक्षाने वीस मिनिटं,
तीन हात नाक्याला अडकलं तर चाळीस.
आम्ही उदार झालो. सरकारला दीड तास दिला.
त्यात एक पंक्चर धरलं,
कुणा मंत्र्याचा ताफा धरला,
हवालदाराचा वडापावही धरला.
मंगळवारी संध्याकाळी नेलेला,
गुरुवारी पावणेबाराला उभा केलेला.
वजा करून करून
सोळा तास उरले.

कागद म्हणतो, अटक गुरुवारी सकाळी नऊला.
त्याआधी तो चौकशीला आला होता म्हणे,
आपल्या पायाने.
सोळा तास कुठल्याच वहीत नाहीत.
आता जामिनावर आहे पोरगा.
दाराकडे पाठ करून जेवत नाही.
पाणी तरी दिलं का रे, असं विचारलं
तर म्हणतो, कधी?

मी कागद चढवला, बोटं सवयीने चालली:
मंगळवारी सायंकाळी सुमारे सव्वासहा वाजता...
तिने वाचलं. त्या शब्दावर नख ठेवलं.
"हे काढा."
बाई, अशी पद्धत असते.
"सव्वासहाला आमच्या गल्लीत पाणी येतं.
हंडा नळाखाली होता, नुकता लावलेला.
मी त्यांच्या मागे धावले,
तो भरून वाहत राहिला, कुणी काढला नाही.
पाण्याची वेळ सरकारच ठरवतं ना?
मग ही वेळ त्यांचीच आहे.
माझी नाही."

खोडलं असतं तर बाजूला छोटी सही लागली असती.
मी पान ओढून काढलं.
नवा कागद, नवा कार्बन.
मंगळवारी सायंकाळी सव्वासहा वाजता.
वाक्य अंगावर कपडा नसल्यासारखं दिसलं,
थंडी वाजेल त्याला तिथे, त्या मोठ्या दालनात,
असं काहीतरी मनात आलं.
पण उभं होतं.

तिने पदराला हात पुसून सही केली,
पूर्ण नावाची, सावकाश,
'सोनकांबळे'मधल्या 'ळ'चे दोन्ही गोल नीट मिटवून.
"किती झाले?"
सुमारे, मी म्हणालो,
आणि थांबलो.
ती बघत होती.
चाळीस.