तीनच जागा
घोडपदेवला गिरणीमागे कैतानचं पार्लर.
पाच मशिनं, एकाचा दांडा
सायकलच्या ट्यूबने आवळलेला.
त्यातच होतं ते शहर:
जांभळे दिवे, आभाळभर कंपनीचं नाव,
कोपऱ्यात साल, २०२१.
तेव्हा फार लांब वाटायचं.

ज्ञानदा एका रुपयात पाऊण तास टिकायची.
तिचा गडी अर्धा लोखंडी,
उजव्या हातातून वीज सोडायचा.

एकदा तिला शोधत वडील आले.
आता कानाखाली बसणार, आम्ही सरकलो.
ते बघतच राहिले.
"ह्याला हात कुणी दिला रे?"
"कंपनीनं."
पॉवरप्रेसने शिल्लक ठेवलेली दोन बोटं
त्यांनी काचेवर टेकली. चट् झालं.
"आमच्या कंपनीनं डबा दिला. स्टीलचा.
झाकणावर नाव घालून."

शेवटी नाव टाकायचं आलं.
तीनच जागा, त्याही इंग्रजी.
ज्ञानदा मावेना.
तिने बापाचं टाकलं. बी, ए, एल.
बाळ बरोब्बर बसला.

परवा लॅमिंग्टन रोडला, भंगारात, तेच मशीन.
बंद पडद्यावर भाजून उरलेली
सर्वात वरची ओळ.
"ट्यूब गेलीय," दुकानदार म्हणाला,
"नुसती पेटी न्या."
मी विचारलं,
काचेचे किती?