ही तुम्हीच का?

समिती यायला अकरा दिवस.
प्राचार्यांचं फर्मान निघालंय:
सगळ्या प्राध्यापकांची ऑनलाइन पानं नीट करा.
मी सहायक ग्रंथपाल.
आजवर पुस्तकं रॅकवर लावली,
आता माणसं लावतोय.

व्ही. एस. गायधनी, वनस्पतिशास्त्र.
शोधनिबंध त्रेचाळीस,
त्यातले नऊ हृदयाच्या झडपांवर.
नागपुरात दुसरे कुणी व्ही. एस. गायधनी आहेत म्हणे,
छाती उघडून शिवतात.
मॅडम हसल्या. "राहू द्या की.
द्राक्षाच्या पानावरचा केवडा बघता बघता
चार माणसंही वाचवली म्हणायची."
मी एकेक खूण करून काढले.
उरले चौतीस.
विभागप्रमुख दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग ती सापडली.
वृंदा एस. क्षेमकल्याणी.
फोटोच्या जागी करडी बाहुली,
निबंध फक्त तीन, पण दिंडोरीच्या बागांवरचा तो पहिला
अजून ब्राझीलमधले लोक उद्धृत करतात.
शेवटची नोंद सत्त्याण्णव, एप्रिल.
मेमध्ये लग्न होतं, मॅडम म्हणाल्या,
गंगापूर रोडवर, लॉन्स नव्हते तेव्हा.
मधला एस तेवढा फुकटात टिकला:
वडील सदाशिव, नवरा श्रीकांत.

माझा मेहुणा रामकुंडावर बसतो.
लाल फडक्यातल्या वह्या, गाव सांगा, आडनाव सांगा,
सात पिढ्या काढून देतो,
आणि आमच्या यंत्रांना हसतो.
म्हटलं, काढ क्षेमकल्याणी.
सदाशिवराव निघाले, त्यांचे दोन मुलगे,
एकाची वळणदार सही.
"मुलगी सासरच्या पानावर असणार."
गायधनींचं पान काढलं.
श्रीकांत आले होते, अस्थी घेऊन, दोन हजार चारला.
पुढे एकच शब्द: सहकुटुंब.
मेहुणा म्हणाला, "बघ, आहे की."

आज दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी बसल्या,
चष्मा कपाळावर.
ओटीपी जुन्या मेलवर जात होता,
तो मेल बंद पडून पंधरा वर्षं झाली.
तो सोडवला. मग पडद्यानं दोन नावं शेजारी मांडली
आणि विचारलं, ही तुम्हीच का?
त्या थोडा वेळ बघत राहिल्या.
"यात 'क्षे'चं स्पेलिंग चुकलंय," म्हणाल्या,
"तेव्हाही पत्र पाठवलं होतं संपादकांना."
खाली दुसरा रकाना: मुख्य नाव. एकच चालेल.
बाकीची 'इतर नावे' मध्ये.

तेवढ्यात ओझरहून पानं आली,
ओल्या गोणपाटात, मुलं दाराशी थांबलेली.
त्या उठल्या. "आलेच," म्हणाल्या.

चार वाजले. समितीच्या चहाच्या कपांची मोजणी चालू आहे.
पडद्यावर चौकट आली:
तुम्ही अजून इथे आहात का?
मी 'हो' दाबलं.
नाव अजून भरलेलं नाही.