बरणीतली चिठ्ठी

आमच्या गॅरेजमध्ये अकरा खोकी आहेत,
तीन गावं झाली, उघडलेली नाहीत.
एकावर आईच्या अक्षरात: काचेचं, सावकाश.
एकावर नुसतं: नंतर.

मोसम संपला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी,
हरलेल्या संघांचे मालक कोचला नारळ देतात
आणि मंगळवारपासून दुसऱ्यांच्या कोचची चौकशी करतात.
आई त्या सोमवारभोवती पेन्सिलीने गोल काढते,
दातांच्या डॉक्टरची तारीख असावी तसा.

या वर्षी नारळ इतरांच्या हातात गेले.
आम्ही जिंकत होतो, प्लेऑफमध्ये होतो,
आणि म्हणूनच बाबांना वाळवंटातल्या एका संघाचा फोन आला.
मुख्य कोच. स्वतःचा संघ.

मुलाखत त्यांनी कपडे धुण्याच्या खोलीतून दिली,
तिथे वायफाय धडधाकट, आणि माझा भाऊ जात नाही.
वर कोट, टाय; खाली फ्लॅनेलची विजार.
मागे भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल.
पलीकडून कुणी विचारलं,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?
मी दाराला कान लावून उभी.
उत्तराच्या जागी ड्रायरने
काम संपल्याची घंटी दिली.

इकडे इलोनाच्या डायनरमध्ये बरणी निघाली होती,
लोणच्याची, वास न गेलेली.
पाच डॉलर, एक चिठ्ठी, रविवारचा स्कोअर.
पोस्टमन हॅस्केल म्हणाला, दहाने जिंकू.
बर्फ उपसणारा ऑर्विल म्हणाला, सतराने, लिहून घ्या.
टीव्हीवरचे चौघे माजी खेळाडू, रुंद टायवाले,
चौघेही आमच्याच बाजूने.
इलोना कप पुसत म्हणाली,
चौघांचं एकमत झालं की मला धडकी भरते.
असो, घोडामैदान जवळच आहे.

मी लिहिलं: वीस–सतरा. आपण हरणार.
चिठ्ठीची चार वेळा घडी घातली.

कारण शुक्रवारी टाउमाफा जेवायला आला होता,
आमचा डावा टॅकल, तीनशे वीस पौंडांचा,
ज्याच्या भरवशावर आमचा क्वार्टरबॅक
मागे वळून बघत नाही.
तो हात धुवायला वर गेला.
प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय.
डावा नंतर येऊन त्याच्या शेजारी थांबायचा,
संकोचलेल्या पाहुण्यासारखा.
चौदा पायऱ्या. मी मोजल्या.
बाबा तेव्हा मीठदाणी सरकवून
आईला एक चाल समजावत होते.

रविवारी, शेवटची दोन मिनिटं उरली असताना,
त्यांचा एक पोरगा टाउमाफाला वळसा घालून आला,
मोकळ्या रस्त्यावरून यावा तसा.
चेंडू सुटला.
मग त्यांचा फील्ड गोल. वीस–सतरा.
आईने माझा हात धरला होता.
गार कुणाचा पडला होता, कळलं नाही.

सोमवारी इलोनाने कागदी पिशवी पुढे केली,
दोनशे पंधरा डॉलर, व्हिनेगरचा वास.
हॅस्केलने कॉफीत साखर ढवळली,
बराच वेळ ढवळली.

चिठ्ठी बाबांनाच सापडली, माझ्या जॅकेटच्या खिशात,
मशीनमध्ये कपडे टाकताना. आता त्यांना वेळ होता.
वाटलं, ओरडतील.
कशावरून, एवढंच विचारलं.
मी पायऱ्या सांगितल्या.

ते जिन्यापाशी गेले.
उजवा पाय ठेवला, मग डावा, त्याच्या शेजारी.
उजवा. डावा. चौदा वेळा.
वरून आवाज आला:
वाळवंटवाल्यांनी चुकीच्या माणसाची मुलाखत घेतली.

मला हसू आलं नाही.
पैसे अजून पिशवीतच होते.
त्याच वेळी फोन वाजला, आणि कुणी उचलायच्या आत
गॅरेजमधून चिकटपट्टीचा लांब आवाज आला.
आई ‘नंतर’चं खोकं उघडत होती,
किंवा त्यावर नवी पट्टी लावत होती.
दोन्हीचा आवाज सारखाच येतो.