विमान बसतं तेव्हा

शर्विल, स्क्रीन नंतर बघ.
आधी दार बघ.
दाराची खालची कड, आणि आपल्या पुलाची फरशी,
मध्ये ही जी फट आहे, एक वीत,
त्या वितीचा पगार आपण घेतो.

लोकांना वाटतं विमान म्हणजे पलीकडची बिजासनची टेकडी,
ठेवली की ठेवली.
तसं नसतं रे.
माणसं विमानात बसतात
आणि विमानही बसतं.
घसा बसतो तसं नाही, धक्का बसतो तसं तर नाहीच;
पाहुणा टेकला की कापसाची गादी बसते, तसं.
आवाज न करता. बोटभर.
मग आणखी अर्धं बोट.

खाली घनश्याम पेट्या चढवतोय, पंखांत इंधन भरतंय,
वर एकेक जण येतोय,
आणि इंदूरचा माणूस रिकाम्या हाताने गाव सोडत नाही.
शेवेचे पुडे, जीरावनच्या बाटल्या,
हिंजवडीतल्या भाच्यासाठी दोन किलो गजक,
सगळं शेवटी त्या चाकांच्या पायांवर येतं.
दार खाली येतं. फरशी तिथेच असते.
कड फरशीला टेकली
की अख्ख्या विमानाचा भार बिजागऱ्यांवर.
मग ते दार मिटत नाही,
आणि उघड्या दाराने आकाशात कुणी घेत नाही.

म्हणून हा बूट.
दाराखाली ठेवायचा, वायरीला पीळ पडू द्यायचा नाही.
दार त्याच्यावर टेकलं की पूल आपण होऊन खाली सरकतो.
बुटावर विश्वास ठेव,
पण जावयावर ठेवतात तेवढाच.

आणि फटीत हात घालायचा नाही. नजरेने मोजायचं.
गर्देकाकांनी एकदा हात घालून मोजलं होतं;
त्यांची करंगळी अजून
थंडी पडायच्या दोन दिवस आधी सांगते.

मागच्या डिसेंबरात पुण्याचं सकाळचं विमान,
अर्धं वऱ्हाडानं भरलेलं.
नवरीचे एक काका, काखेत चादरीत गुंडाळलेली समई,
मागे ओढती बॅग.
बॅगेचं चाक बुटाला लागलं, बूट वीतभर बाजूला गेला.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.
दिवा हिरवा.
हिरव्या दिव्याला सगळं ठीक आहे एवढंच म्हणता येतं,
बिचाऱ्याला दुसरा शब्द येत नाही.

मी सहज दाराकडे पाहिलं
आणि वीत नव्हती.
चार बोटं होती.
समईवाल्या काकांच्या मागून सात-आठ जण आत गेले,
तीन झाली.

मी आडवी उभी राहिले. दोन्ही हात पसरून,
लहानपणी लंगडीत सुद्धा एवढे पसरले नव्हते.
"भिया, पीछे. सब लोग दो कदम पीछे."
बटण दाबलं.
पूल कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला,
मग उतरत गेला, आणि ती फट
हळूहळू श्वास घेतल्यासारखी मोठी झाली.

आतून हवाईसुंदरी डोकावली: काय झालं?
काही नाही, मी म्हटलं.
मागून जरीच्या फेट्यातला एक जण ओरडला,
"कुछ हुआ नहीं तो रोका क्यों?"

याचं उत्तर, शर्विल, मला अजून देता येत नाही.

त्या दिवशीची नोंद रजिस्टरमध्ये आहे, वाचून घे.
नुकसान: निरंक.
विलंब: नऊ मिनिटं.
कारण: एरोब्रिज.
खाली माझी सही, व. रा. मुळ्ये.
'निरंक' मी दोनदा लिहिलं होतं,
पहिल्यांदा हात थरथरला म्हणून खोडलं.

आता बोलू नकोस.
शेवटची बाई येतेय, खांद्यावर झोपलेलं पोर.
झोपलेलं पोर जास्त जड होतं म्हणतात,
वजनकाट्याला ते पटत नाही.
तरी तिने पाय आत टाकला की
कडेकडे बघ.

हललं?
नाही?
परत बघ.